येझदीचं साइड पॅनेल घरी ठोकतोय, कोपऱ्यावर पत्रा चिरतो

रोडकिंग_सातारा:
येझदी मोटरसायकल बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ साली बंद पडली, त्यामुळे कंपनीच्या नवीन पार्टचा प्रश्नच नाही. बाबांच्या येझदी रोडकिंगच्या एका पॅनेलची गंजून जाळी झालीय. जुन्या बाजारात मिळतात ती आतून पुटीनने भरलेली. म्हणून त्याच पॅनेलवरून सागवानी साचा केला आणि दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनिअम पत्रा नायलॉनच्या हातोड्याने त्यावर बसवतोय. सपाट भाग छान आला. कोपऱ्याची गोलाई वळवताना मात्र कड चिरते. दुकानदाराने 'एकदम कडक माल' म्हणून दिलाय. पत्रा बदलू की पद्धत?

फिटरकाका_उद्यमनगर:
दोन्ही. कडक माल ६०६१ टी-६ (उष्णता देऊन कडक केलेला मिश्रधातू) असला तर कितीही जपून ठोक, लहान गोलाईला तो तडकणारच. तो ब्रॅकेटसाठी ठेव. पॅनेलला १०५० किंवा ११०० ग्रेडचा, म्हणजे जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा घे, शक्यतो ओ टेंपर, म्हणजे पूर्ण नरम. एच-१४ (अर्धकडक) मिळाला तरी चालेल, तो घरी नरम करता येतो.

आता पद्धत. ठोकलं की अ‍ॅल्युमिनिअम कडक होत जातं. हातोड्याचा आवाज खणखणीत यायला लागला आणि पत्रा उसळायला लागला, की थांबायचं आणि तापवून नरम करायचं. तापवताना लोखंडासारखं लाल होईल म्हणून वाट बघू नकोस. ६६० अंशाला ते वितळतं आणि तोवर रंग बदलत नाही, एकदम खाली बसतं. किती तापलं ते कळण्यासाठी धुण्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घास आणि गॅसची ज्योत सतत फिरती ठेव. साबण गडद तपकिरी झाला की ज्योत बाजूला. थंड झाल्यावर हाताने वाकवून बघ, फरक लगेच कळेल. एका कोपऱ्याला हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि घाई केलीस की चीर ठरलेली.

दुसरं, कोपऱ्यात कडेला माल जास्त होतो, तो आखडायला हवा. पक्कडीने छोट्या चुण्या घाल आणि त्या उलगडू न देता ठोकून बसव. तिथे पत्रा जाड होतो, कड आपोआप आत येते. नुसतं मधून ठोकून खोली काढत गेलास तर पोटात पत्रा कागदासारखा होईल. मला विचारशील तर सगळ्या कामात चुण्या बसवण्याइतकं समाधान कशातच नाही.

टूलरूम_भोसरी:
काकांशी सहमत. कापलेली कड कानसीने घासून गुळगुळीत करा, चीर बारीक खाचेपासूनच सुरू होते. आखणी स्क्राइबरने (टोकदार सुईने) नको, मार्करने करा. आणि सरळ घडी शक्यतो रोलिंगच्या (पत्रा लाटताना उमटलेल्या) रेषांना आडवी घाला.

रोडकिंग_सातारा:
काका, साबणाने कमाल केली. जुन्या कडक पत्र्याच्या तुकड्यावर करून पाहिलं, तर थोडाच फरक पडला. पण ११०० चा तुकडा आणून तसंच केलं तर तो हाताने वाकला! याच पद्धतीने मागच्या ब्रेकचा टॉर्क आर्मही (ब्रेक प्लेटला फिरू न देणारी पट्टी) अ‍ॅल्युमिनिअमचा केला तर?

फिटरकाका_उद्यमनगर:
अजिबात नको. तो मोडला तर ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरेल आणि चाक जागीच अडकू शकतं. पॅनेल फाटलं तर दुसरं ठोकता येतं. टॉर्क आर्म मूळ लोखंडी शोध, सरळ आहे का बघ आणि भोकं ओव्हल झाली नाहीत ना तेही तपास. पॅनेलच्या कोपऱ्याचा फोटो टाक, चुण्या किती अंतरावर घालायच्या ते सांगतो.