आई खोलीतच होती, मग कसं काय? – 'निवांत' यांना उत्तर

गोधडी : काल 'निवांत' लिहून गेले, "अमेरिकेतला जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली पोरींवर लैंगिक अत्याचार करायचा. त्या केसमध्ये पोरींच्या आया खोलीत असायच्या, तरी पोरी सोळा वर्षांनी बोलल्या. पटत नाही बुवा." रात्री झोप नाही लागली मला. रेचल डेनहॉलंडर पंधरा वर्षांची, पाठ दुखते म्हणून नासरकडे गेलेली. साल २०००. आई खोलीतच, पण हा असा मध्ये उभा राहायचा की तिला हात दिसू नये. बाकीच्या बोलल्या नाहीत म्हणता? २०१४ मध्ये एकीने तक्रार केली, तर तो नोकरीला होता त्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने चौकशी करून 'हा उपचारच' म्हणून सोडून दिलं. २०१६ ला रेचल पेपरात नावानिशी बोलली तेव्हा कुठे धरला. कोर्टात १५६ जणींचे जबाब वाचले गेले. अजून किती हव्यात?

निवांत : ४० ते १७५ वर्षं मिळाली ना, बरं झालं. पण एकापायी सगळी जमात झोडू नका. माझा मुलगा रेसिडेंट डॉक्टर आहे, पेशंटच्या भावाने गेल्या महिन्यात त्याची कॉलर धरली. त्यावर कोणी धागा काढत नाही.

सोनचाफा : काढा की तुम्ही. इथे कशाला?

डॉ. वामकुक्षी : बावीस वर्षं मावशींशिवाय बाई पेशंट तपासली नाही. पण मावशी रजेवर गेल्या की काय करू? तालुक्याच्या गावात दुसरी बाई ठेवायची तर पगार कोण देणार, पेशंट?

ठेचा_भाकर : फी दुप्पट केलीत तेव्हा विचारलं होतंत का पेशंटला?

डॉ. वामकुक्षी : लाइटबिल पाठवू का?

सोनचाफा : मावशी, मावशी! माझ्या वेळीही होत्या. पडद्याबाहेर कापसाचे बोळे करत बसलेल्या. मी एकोणीस वर्षांची. घरी चकार शब्द काढला नाही, कारण 'डॉक्टर देवमाणूस' असं बाबाच म्हणायचे. आज एक्केचाळिशीत दातवाल्याची खुर्ची मागे झुकली तरी मुठी आवळतात. आताच्या डॉक्टरीणबाई आधी विचारतात, "पोटाला हात लावू?" एवढ्या एका प्रश्नावर मी दुसऱ्यांदा गेले त्यांच्याकडे. नाहीतर गाठ तशीच अंगावर काढली असती.

निवांत : ...बरं. 'पटत नाही' मागे घेतो. कॉलरचं नाही घेणार.

ठेचा_भाकर : केवढे उपकार!

डॉ. वामकुक्षी : आमच्या मावशी दाराशी स्टुलावर बसतात. स्टूल पडद्याच्या आत घेतलंय. बदलीची बाई कोणाच्या ओळखीत असेल तर कळवा, पगार मी देईन.