अमोरिमला नारळ द्यायचा की अजून थांबायचं?

सर अ‍ॅलेक्सचं च्युइंगम

मँचेस्टर युनायटेडची ब्रेंटफर्डविरुद्धची मॅच (२७ सप्टेंबर २०२५) संपून एक दिवस झाला तरी डोकं ठिकाणावर नाहीये म्हणून इथे लिहितोय. १-३. आठव्या मिनिटाला त्यांचा थियागो, विसाव्या मिनिटाला परत थियागो, आणि शेश्कोचा आपल्याकडून पहिला गोल झाला तो पण धड एन्जॉय करता आला नाही. वर आपल्या कॅप्टन ब्रुनोने पेनल्टी घालवली. फुलहॅमला बारच्या वरून मारली होती, यावेळी त्यांच्या गोलकीपर केलेहरने अडवली. सहा मॅचमध्ये दोन.

मी आत्तापर्यंत आपला मॅनेजर अमोरिम याच्यासाठी सगळ्यांशी भांडत आलोय हे जुन्या लोकांना माहितीये. मागच्या सीझनला ४२ पॉइंट आणि १५वा नंबर, तेव्हा म्हटलं माणूस नोव्हेंबरमध्ये आलाय, प्री-सीझन नाही, टीम दुसऱ्याने जमवलेली, आणि तो बिचारा तर सीझन संपल्यावर येतो म्हणत होता, क्लबनेच आत्ता नाहीतर कधीच नाही केलं. बिल्बाओला स्पर्सकडून युरोपा फायनल हरलो तेव्हा म्हटलं समर येऊ दे. समर आला, कुन्हा म्बेउमो शेश्को आले, तिघांचे मिळून जवळपास २० कोटी पाउंड. मग ग्रिम्सबी. चौथ्या डिव्हिजनची टीम आणि पेनल्टीवर ११-१२. तेव्हा पण मी गप्प बसलो.

पण आता हिशोब बघा, लीगच्या ३३ मॅचमध्ये ३४ पॉइंट. ९ जिंकल्या, १७ हरल्या. सलग दोन लीग मॅच त्याने एकदाही जिंकलेल्या नाहीत!! चेल्सीला हरवलं तेव्हा मला वाटलं चला गाडी रुळावर आली, त्यांचा गोलकीपर पाचव्या मिनिटाला रेड घेऊन गेला होता हे मी सोयीस्करपणे विसरलो.

तर प्रश्न. आत्ताच काढायचा, का सीझनभर ठेवायचा? आणि काढला तर आणायचा कोणाला? नुसतं आउट लिहून पळू नका प्लीज, कारण द्या.

डावा विंगर

आउट.

बरं कारण देतो. या सीझनला युरोपातल्या स्पर्धा नाहीत. लीग कप दुसऱ्याच राउंडला गेला. म्हणजे आठवड्याला एक मॅच, बाकी सहा दिवस ट्रेनिंग ग्राउंड त्याचंच. मागच्या वर्षी सगळे म्हणायचे ना की ट्रेनिंगला वेळच मिळत नाही, आता मिळतोय तर सुधारलं काय ते सांग. सिटीने ३-० मारलं, ब्रेंटफर्डने ३-१, आणि दोन्हीकडे तेच भोक तसंच. पोपने येऊन सांगितलं तरी मागे तीन सेंटर बॅकची सिस्टीम बदलणार नाही म्हणतो हा. अरे पोपचं सोड, स्कोअरबोर्ड सांगतोय ते तरी ऐक. मॅच कुठली पण असू दे, समोर कोणी पण असू दे, ह्याच्या पळसाला पानं तीनच.

पैशांचं पण बोलतील कोणी तरी, २०२७ पर्यंत कॉन्ट्रॅक्ट आहे वगैरे. आधीचा मॅनेजर टेन हाग आणि त्याच्या स्टाफला घरी पाठवायला १ कोटी ४ लाख पाउंड गेले, स्पोर्टिंग डायरेक्टर अ‍ॅशवर्थला पाच महिन्यांत काढायला ४१ लाख गेले, तेव्हा कोणाला पैसे आठवले नाहीत. खाली १५व्या नंबरवर संपण्यात किती जातात ते मोजा एकदा.

मिडफिल्डची मालकीण

विंगर, तुझा राग पटतो पण पानं तीन असण्यात प्रॉब्लेम नाहीये रे. त्याच शनिवारी क्रिस्टल पॅलेसने लिव्हरपूलला २-१ हरवलं, त्यांचा मॅनेजर ग्लासनर पण तीनच सेंटर बॅक खेळवतो, वर दोन टेन (स्ट्रायकरच्या मागे खेळणारे) आणि एक स्ट्रायकर, कागदावर जवळजवळ आपलाच शेप. मे महिन्यात त्याच शेपने त्यांनी सिटीला हरवून एफए कप उचलला. तर आकड्यांना शिव्या घालून उपयोग नाही.

फरक असा आहे. पॅलेसला बॉल नसला तरी चालतो, ते मागे पाच जण लावून बसतात आणि बॉल मिळाला की सुटतात. आपल्याला बॉल पण ठेवायचाय, वर जाऊन प्रेस पण करायचंय, आणि मध्ये माणसं दोनच. कासेमिरो आणि ब्रुनो. समोरची टीम मिडफिल्डला तीन लावते तेव्हा एक जण कायम मोकळा. त्याला पकडायला मग मागून सेंटर बॅक वर येतो, नाहीतर टेनपैकी एकाला खाली धावावं लागतं, आणि जो कोणी हलतो त्याच्या जागी खड्डा पडतो. ब्रेंटफर्डने तर मिडफिल्डच्या भानगडीत पडायचंच टाळलं, सरळ वरून बॉल टाकला आणि थियागोला पळवलं. आपली लाइन एकत्र वर पण आली नाही आणि एकत्र मागे पण गेली नाही. हे ट्रेनिंगमध्ये शिकवायचं असतं आणि तिथे मात्र मी अमोरिमला माफ करत नाही.

आणि ब्रुनो!! गेली काही वर्षं आपल्याला एकट्याने ओढणारा माणूस, गोल काय असिस्ट काय, त्याला तू गोलपासून ४० मीटर लांब उभा करतोस आणि वरून त्याला समोरच्या रनरच्या मागे धावायला लावतोस. का, तर वरच्या दोन जागांवर म्बेउमो आणि कुन्हा घेतलेत. मग आपला तरुण मिडफिल्डर कोबी मेनू त्याच एका जागेसाठी ब्रुनोशी भांडतोय आणि कॅप्टनला कोण बसवणार म्हणून पोरगा बेंचवर. समरमध्ये अटॅकवर एवढे ओतले आणि सेंट्रल मिडफिल्डर एक पण आणला नाही, हा निर्णय एकट्या मॅनेजरचा नसतो हो.

मला विचाराल तर मी त्याला सिस्टीमसाठी काढणार नाही. मॅच चालू असताना काहीच बदलत नाही, फक्त माणसं तिथल्या तिथे बदलतो, सेंटर बॅकच्या जागी सेंटर बॅक, विंगबॅकच्या जागी विंगबॅक, ह्यासाठी काढेन. १-२ ने मागे असताना चार मागे ठेवून मध्ये एक माणूस वाढवला तर काय आभाळ कोसळणार होतं?

लाल पक्षी

लिव्हरपूलचा आहे, मध्ये नाक खुपसतोय, माफी. माझं मत असं की अमोरिम खूप गुणी माणूस आहे, त्याला अजून वेळ द्या, दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्या, शक्य झालं तर पुतळा पण उभारा.

मिडफिल्डची मालकीण

@लाल पक्षी पॅलेस कसे खेळले रे शनिवारी? मी सेकंड हाफ मिस केला.

लाल पक्षी

निघतो.

मोयेसपासून भोगतोय

माझं थोडं लांबेल, सहन करा. २०१३ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हापासून हे चक्र बघतोय आणि खरं सांगू का, मला आता प्रत्येक मॅनेजरचा चेहरा वेगळा दिसतच नाही. मोयेसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि दहा महिन्यांत काढला. व्हॅन हालने एफए कप जिंकला आणि दोन दिवसांनी नारळ. मोरिन्होने लीग कप आणि युरोपा आणली, ८१ पॉइंट करून दुसरा आला, आणि पुढच्या डिसेंबरला गेला. ओले सोल्शार दुसरा आला, पुढच्या नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डकडून ४-१ खाऊन गेला. टेन हागची गंमत तर सगळ्यात भारी, २०२४ चा एफए कप जिंकला म्हणून जुलैमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये १४व्या नंबरवर असताना काढला. म्हणजे काढायचा तेव्हा ठेवला, त्याला समरभर पैसे खर्च करू दिले, आणि ठेवायचा तेव्हा काढला. मग नवीन येतो, त्याला वेगळ्याच टाइपचे प्लेअर लागतात, आणि ज्यांना मागच्याने डोक्यावर घेतलं होतं ते लोनवर. रॅशफर्ड बार्सिलोनाला, सांचो व्हिलाला, ओनाना तुर्कस्तानात. आजची टीम चार जणांच्या आवडीनिवडीचं गाठोडं आहे.

आता अमोरिमने तर विंगर विकून टाकले, गर्नाचो चेल्सीला, अँटनी बेटिसला. उद्या ४-३-३ वाला मॅनेजर आणलात तर तो पहिल्या दिवशी विचारेल की माझे विंगर कुठेत. परत समर, परत १५-२० कोटी पाउंड, परत ‘वेळ द्या’. ये रे माझ्या मागल्या.

म्हणजे मी ठेवा म्हणतोय का? नाही. मला तो सुधारेल असं वाटत नाही. पण ऑक्टोबरमध्ये घाईघाईने कोणी पर्मनंट आणायचा आणि त्याला पण प्री-सीझन नाही म्हणून पुढचं वर्षभर रडायचं, हे मला नको. काढायचा असेल तर केअरटेकर म्हणजे तात्पुरता मॅनेजर लावा, मेपर्यंत शांतपणे माणूस शोधा, आणि कृपा करून मार्चमध्ये केअरटेकरच्या प्रेमात पडू नका. ओलेच्या वेळी काय झालं आठवतंय ना? पहिल्या ११ पैकी १० जिंकल्या, पॅरिसला जाऊन पीएसजीला बाहेर काढलं, आपण सगळे रडलो (मी तर खरंच रडलो), त्याला पर्मनंट केला, आणि पॅरिसनंतरच्या १२ मॅचमध्ये दोनच जिंकल्या. नव्याचे नऊ दिवस आपण तीन वर्षांच्या पगारावर विकत घेतले.

आकडेमोड

ह्या नव्याच्या नऊ दिवसांवर एक अभ्यास आहे, डच लीगचा, १९८६ ते २००४ च्या सीझनचा. ज्या टीम लागोपाठ हरल्या आणि मॅनेजर बदलला त्यांचे निकाल नंतर सुधारले, हे खरंय. पण तेवढ्याच वाईट हरलेल्या आणि मॅनेजर न बदललेल्या टीमचे पण जवळजवळ तसेच सुधारले. म्हणजे तळ गाठला की माणूस थोडा वर येतोच, क्रेडिट मात्र नवीन मॅनेजर घेऊन जातो.

पण हे अ‍ॅव्हरेजचं झालं. टुखेल जानेवारी २०२१ ला चेल्सीत आला आणि मेमध्ये चॅम्पियन्स लीग. एमरी नोव्हेंबर २०२२ ला व्हिलात आला, खाली रखडलेली टीम सातव्या नंबरवर नेली. हे दोघं सीझनच्या मध्येच आले होते, तेव्हा मे पर्यंत थांबाच असा काही नियम नाहीये @मोयेसपासून भोगतोय. माणूस बरोबर असेल तर ऑक्टोबर पण चालतो.

अजून एक, कोणी तरी आता फर्ग्युसनचं उदाहरण काढणारच आहे म्हणून आधीच सांगतो. सर अ‍ॅलेक्सला पहिला कप १९९० ला मिळाला आणि त्या सीझनला लीगमध्ये १३वा नंबर होता हे सगळ्यांना पाठ आहे. पण नोव्हेंबर १९८६ ला टीम २१वी असताना आला, सीझन संपताना ११वी केली, आणि पहिल्याच पूर्ण सीझनला दुसरा आला. हे कोणी सांगत नाही. आर्सेनलचा आर्टेटा पण दोनदा आठवा आला हे खरं, पण पहिल्या आठ महिन्यांत एफए कप होता हातात. धीर धरायला काहीतरी दिसावं लागतं, अमोरिमने ३३ मॅचमध्ये मला काय दाखवलं ते मी आठवतोय अजून.

डावा विंगर

@आकडेमोड टाळ्या. फर्ग्युसनवालं मी आता प्रत्येक वादात वापरणार.

@मोयेस केअरटेकर कोण पण? नाव सांगा ना. कॅरिक मोकळाय, मिडल्सब्रोने जूनमध्ये काढला त्याला. मला चालेल, निदान मध्ये दोन माणसं कमी पडतात हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही, आयुष्यभर तिथेच खेळलाय.

मोयेसपासून भोगतोय

कॅरिक चालेल. मेपर्यंत. मेपर्यंत असं मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या केबिनच्या दारावर चिकटवा.

मिडफिल्डची मालकीण

मला ग्लासनर हवा, पॅलेसमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या समरला संपतंय. विंगर नाहीत हा प्रॉब्लेम त्याला येणार नाही कारण त्याला पण टेनच लागतात, म्बेउमो कुन्हा शेश्को जसेच्या तसे वापरता येतील, आणि मोयेस म्हणतायत तसं परत सगळं विकून परत सगळं घ्यायला नको. फक्त एक मिडफिल्डर आणा रे बाबांनो. एक.

सर अ‍ॅलेक्सचं च्युइंगम

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. खरं सांगतो, प्रश्न टाकताना मला मनातून वाटत होतं की कोणी तरी मला अजून थोडं थांब असं पटवून देईल. एवढ्या लोकांपैकी ठेवा म्हणणारा एकच निघाला आणि तो लिव्हरपूलचा.

ग्लासनरचं लॉजिक सगळ्यात पटलं. त्याला अर्ध्या सीझनमध्ये पॅलेस सोडणार नाही हे पण कळतंय, म्हणजे फिरून मोयेसच्या केअरटेकरवरच येतो आपण. क्लब मात्र माझ्या अंदाजाने इतक्यात काही करणार नाही, इंटरनॅशनल ब्रेकच्या आधी शनिवारी घरच्या मैदानावर संडरलंड आहे, ते जिंकलो की मालकांपैकी रॅटक्लिफ आणि कंपनी परत वेळ द्या वेळ द्या सुरू करतील आणि हरलो तर ब्रेकमध्ये काढायला पंधरा दिवस मिळतील. आणि आता माझी पंचाईत बघा, जिंकावं म्हणून बघायचं का हरावं म्हणून हेच कळेना. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

डावा विंगर

जिंकावं म्हणूनच बघायचं रे येड्या.

मिडफिल्डची मालकीण

जिंकावं म्हणूनच. आणि मेनू स्टार्ट करावा म्हणून.

सर अ‍ॅलेक्सचं च्युइंगम

मेनू नाही करणार तो, लावतेस पैज?