देशी बुद्धिबळ येणाऱ्या मुलीला आंतरराष्ट्रीय नियम कसे शिकवावेत?

नवशिकी पालक (प्रश्न)

माझी मुलगी चौथीत आहे आणि ती बुद्धिबळ आजोबांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, शिकली आहे. हत्ती सरळ, उंट तिरका आणि घोडा अडीच घरे हे तिला पक्के ठाऊक आहे, साधी मातही तिला करता येते. मात्र आमच्या घरचा खेळ जुन्या देशी पद्धतीचा आहे. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. राजाला डावात एकदा, तेही त्याला शह बसलेला नसेल तरच, घोड्याची चाल खेळता येते. प्यादे पलीकडच्या टोकाला गेले की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले असेल तेच मोहरे मिळते.

पुढच्या महिन्यात शाळेत स्पर्धा आहे आणि ती आंतरराष्ट्रीय नियमांनी होणार आहे. नियम वाचायला घेतले, तर कोणता नियम तिला आजच सांगावा आणि कोणता मागाहून सांगितला तरी चालेल, हेच मला कळेना. नेमका फरक कुठे आहे आणि जुनी पद्धत आता बंद करावी का, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सासऱ्यांच्या मते दोन घरे उडी मारणारे प्यादे हा खेळातला उतावीळपणा आहे, त्यामुळे घरात या विषयावर आधीच दोन तट पडले आहेत.

सांगलीकर

मोहऱ्यांच्या चाली मुलीला येतात, म्हणजे मोठे काम झालेले आहे. बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या बहुतेक राजा आणि प्यादे यांच्याशी संबंधित आहेत.

पहिला फरक पट मांडण्यातच आहे. जुन्या पद्धतीत अनेक घरांत राजासमोर प्रतिस्पर्ध्याचा वजीर येईल अशी मांडणी करतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातील घर पांढरे असते आणि वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात उभा राहतो, त्यामुळे राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर येतो.

दुसरा फरक किल्लेकोटाचा. राजाच्या घोडउडीऐवजी येथे ही सोय आहे. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे जातो आणि तो हत्ती राजाला ओलांडून त्याच्या लगतच्या घरात येतो. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, दोघांमधली घरे रिकामी असावीत, राजाला त्या क्षणी शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जातो किंवा ज्या घरात थांबतो त्या घरावर शत्रूचा मारा नसावा. देशी खेळातून आलेली मुले येथे हमखास अडखळतात. शह बसला की घोडउडी गेली, हे डोक्यात बसलेले असते, म्हणून एकदा शह बसल्यावर किल्लेकोटही गेला असे ती धरून चालतात. तसे नाही. मध्ये मोहरे घालून किंवा शह देणारे मोहरे मारून शह टाळला आणि राजा जागचा हलला नाही, तर पुढे किल्लेकोट करता येतो. हत्तीवर मारा असला तरी हरकत नसते.

तिसरी गोष्ट प्याद्याच्या बढतीची. प्यादे कोणत्याही उभ्या रांगेतून शेवटच्या घरात पोहोचले तरी वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवे ते मोहरे घेता येते. आपला पहिला वजीर पटावर जिवंत असला तरीही दुसरा घेता येतो. जुन्या सवयीने मुलगी हत्तीच्या रांगेत हत्तीच मागून बसेल, तेव्हा हे आवर्जून सांगा.

स्पर्धा होईपर्यंत तरी घरी देशी डाव खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना पंच

वरील प्रतिसाद योग्य आहे. मी शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे घरच्या खेळात ज्यांची कधीच गरज पडत नाही अशा बाबींची भर घालतो.

चाल आपली असताना स्वतःच्या मोहऱ्याला हेतुपुरस्सर हात लावला, तर तेच मोहरे खेळावे लागते. समोरच्याच्या मोहऱ्याला लावला, तर शक्य असल्यास ते मारावे लागते. मोहरे केवळ नीट ठेवायचे असेल, तर हात लावण्यापूर्वी ‘अ‍ॅडजस्ट’ असे म्हणायचे असते, नंतर म्हणून उपयोग नाही. किल्लेकोट करताना म्हणूनच आधी राजाला हात लावायचा. आधी हत्ती उचलला तर ती हत्तीची चाल धरली जाते आणि त्या बाजूचा किल्लेकोट त्या वेळी करता येत नाही.

बढतीच्या वेळी जवळ दुसरा वजीर नसेल, तर अनेक मुले हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात. पंचाच्या दृष्टीने तो हत्तीच असतो. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागण्याचा खेळाडूला अधिकार आहे आणि लहान मुलांना तो बहुधा कोणी सांगितलेला नसतो.

राजा शहात ठेवून दुसरीच चाल खेळली, तर ती नियमबाह्य चाल होते. राजा ‘मारून’ डाव संपत नाही, चाल मागे घेतली जाते. मोठ्या वेळेच्या डावात पहिल्या नियमबाह्य चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव गमवावा लागतो. शालेय स्पर्धेत याबाबत काही सवलत आहे का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे.

नवशिकी पालक

दोघांचेही आभार. किल्लेकोट तिने लगेच आत्मसात केला. ‘एन पासाँ’ हा प्रकार मात्र मी दोनदा वाचूनही मला उमगला नाही, आणि चाल नसलेला राजा हरत कसा नाही, हे सासऱ्यांना पटत नाही.

अडीच घरे

एन पासाँ हा प्याद्याच्या दोन घरांच्या चालीचा जोडनियम आहे, त्यामुळे देशी खेळात त्याची गरजच नव्हती. पंधराव्या शतकाच्या सुमारास युरोपात खेळ वेगवान करण्यासाठी जे बदल रुजले, त्यांत प्याद्याची ही चाल होती. मग शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यातून उडी मारून निसटण्याची पळवाट निर्माण झाली आणि ती या नियमाने बुजवली. पटावर मांडून पाहा (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८): पांढरे प्यादे ई५ वर आहे. काळ्याने डी७ वरचे प्यादे एकदम डी५ वर आणले. ते जणू डी६ वरच थांबले आहे असे समजून पांढरे प्यादे तिरके डी६ वर जाते आणि डी५ वरचे काळे प्यादे पटावरून उचलले जाते. हा हक्क फक्त लगेचच्या चालीला असतो. मारायचे की नाही, हे खेळाडूच्या मर्जीवर आहे.

आता चाल नसलेल्या राजाविषयी. राजाला शह नाही, पण ज्याची चाल आहे त्याला नियमात बसेल अशी एकही खेळी उरलेली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. त्याला स्टेलमेट म्हणतात. आजोबांना एवढे सांगा की मात म्हणजे शह असलेल्या राजाला सुटका नसणे, आणि येथे मुळात शहच नाही. मुलीसाठी एक खूण उपयोगी पडेल. काळा एकटा राजा कोपऱ्यात, समजा एच८ वर, असेल आणि पांढरा वजीर त्याच्यापासून घोड्याच्या एका चालीवर, म्हणजे जी६ किंवा एफ७ वर, आला, तर राजाची तिन्ही घरे बंद होतात आणि शह मात्र बसत नाही. वजिराने जिंकत आलेले लहान मुलांचे डाव बहुतेक येथेच निसटतात.

शिकवण्यासाठी दोन्ही बाजूंना फक्त राजा आणि आठ प्यादी ठेवून काही डाव खेळवा. दुहेरी चाल, एन पासाँ आणि बढती हे तिन्ही नियम त्यात वारंवार येतात आणि वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

सांगलीकरांच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. पंजाबचे मीर सुलतान खान वडिलांकडून देशी पद्धतीच शिकले होते. युरोपीय नियम त्यांनी मोठेपणी आत्मसात केले, आणि तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले. इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. देशी खेळात सुरुवात संथ असते, त्यामुळे डावाच्या आरंभात ते कच्चे होते असे म्हणतात, पण मध्य आणि अंत्य डावांतील त्यांची समज त्याच खेळावर पोसलेली होती.

सांगलीकर

सुलतान खानांचे उदाहरण मान्य आहे, पण त्यांनी दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात मिसळल्या नव्हत्या. चौथीतल्या मुलीचा हात घड्याळ चालू असताना सवयीने जाईल तिकडे जातो, आणि वर जुन्या पंचांनी सांगितल्याप्रमाणे हात लागला की चाल बांधली जाते. म्हणून माझा आग्रह केवळ स्पर्धा होईपर्यंतचा आहे. तोवर आजोबांनीच तिच्याशी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळावे आणि प्रत्येक डावात आधी राजा उचलून किल्लेकोट करून घ्यावा. त्यांना दोन घरांची चाल आवडत नसेल, तर त्यांनी स्वतःची प्यादी एकेक घरच चालवावीत. नियमांत ती मुभा आहेच.