मदत हवी आहे: १९८४ ची कॅटरहॅम सेव्हन, जुनं क्रॉसफ्लो इंजिन परत उभं करू की दुसरं इंजिन टाकू?

नमस्कार मंडळी,

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये मिडलंड्सला राहतो. इथे कुणाकुणाला जुन्या गाड्यांचा नाद आहे हे माहितीये म्हणून हा धागा काढतोय. यूकेतले मराठी लोक असतील तर उत्तमच, पण इंजिनकामातले जाणकार कुठलेही असोत, सगळ्यांचं मत हवंय.

गाडी कॅटरहॅम सेव्हन, १९८४ ची, किट घेऊन घरी जोडलेली, लाइव्ह अॅक्सल (मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर), चार गिअरचा फोर्डचा गिअरबॉक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली, १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे आले आणि तेव्हापासून ती गाडी थोड्याफार बदलांनी अजून बनतेच आहे. वजन साधारण साडेपाचशे किलो, दरवाजे नाहीत, छप्पर नावाला. एवढ्या हलक्या गाडीत शंभर हॉर्सपॉवर म्हणजे भरपूर झाली, हे आधीच सांगतो, कारण "टर्बो टाका" असं कुणीतरी म्हणणारच.

इंजिन फोर्ड केंट क्रॉसफ्लो, १५९९ सीसी, ७११एम ब्लॉक (नंबर ब्लॉकच्या बाजूला ओतलेला आहे, घासून बघितला). दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला आहे कुणास ठाऊक, आधीच्या मालकाकडच्या कागदांत नुसतं "फास्ट रोड" लिहिलंय.

आता दुखणं. सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळते, पण चढाला पाय दाबला की मागे निळसर धूर आणि ब्रीदरच्या (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या) पाइपला लावलेल्या डब्यात ऑइल साठतं. पाय सोडून परत दाबल्यावरच धूर आला असता तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घेतला असता, पण हा लोडवरच येतो. कॉम्प्रेशन मोजलं, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढून. एक नंबर १६५, दोन १६०, तीन ११८, चार १५८ पीएसआय. मग तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर १५० च्या आसपास गेलं. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत). इथपर्यंत माझा मला हिशोब लागतो.

पुढे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींवर लोक छातीठोक बोलतात. पहिला, इंजिन उतरवून पूर्ण काम काढायचं. ७११एम ब्लॉकची भिंत जाड असते, ८३.५ मिलिमीटरपर्यंत बोअर मारून १७०० सीसी करतात, कॅटरहॅमने स्वतःच १७०० सुपरस्प्रिंट १३५ हॉर्सपॉवरची विकली होती. दुसरा रस्ता, फोर्डचं झेटेक २.० टाकायचं, १६ व्हॉल्व्ह, फोकस-माँडेओमधून भंगारात सहज मिळतं, काही न करता १३० च्या आसपास हॉर्सपॉवर देतं आणि रोज सकाळी एका सेल्फला सुरू होतं. तिसरा म्हणजे १.६ सिग्मा, पूर्ण अॅल्युमिनियमचं, वजनाला हलकं, पुढे कॅटरहॅमनेही तेच वापरलं.

माझं मन क्रॉसफ्लोकडे ओढ घेतंय हे लपवत नाही. त्या दोन वेबरचा श्वास घेतल्याचा आवाज गुडघ्याजवळून येतो आणि तो या गाडीचा अर्धा जीव आहे. हातात स्पॅनर घेऊन, जेट बदलून, टायमिंग लाइट धरून इंजिन समजून घेता येतं, लॅपटॉप जोडावा लागत नाही. पण मन एकीकडे आणि पैसे एकीकडे असं होऊ नये म्हणून विचारतोय. १७०० केलं तर बोअर किती मारलेलं टिकतं, परत एकदा रीबोअरला जागा राहते का, मधे कुठेतरी थांबणं शहाणपणाचं आहे का? हेडला अनलेडेड पेट्रोलसाठी व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवलेल्या आहेत की नाहीत हे हेड न उघडता कळतं का? आणि झेटेक ज्यांनी प्रत्यक्ष टाकलंय त्यांनी इंजिनची किंमत सोडून बाकी काय काय घ्यावं लागलं ते सांगा, कारण जाहिरातीत फक्त इंजिनचाच आकडा असतो. मुद्दाम सविस्तर लिहिलंय, उत्तरंही सविस्तर द्या, वाचायला वेळ आहे.

प्रतिसाद १

आमच्याकडे सेव्हनसारखीच पण दुसऱ्या कंपनीची किट कार आहे, तिच्यात पिंटो (फोर्डचं जुनं इंजिन) होतं ते काढून झेटेक टाकलं. इंजिन सगळ्यात स्वस्त पडलं, खरंच. मग सुरू झालं. मूळ संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोल असतो, तो जमिनीला घासतो म्हणून कापून छोटा केलेला घ्यावा लागतो आणि त्याच्यासोबत ऑइल पिकअपही बदलतो. मूळ गाडीत इंजिन आडवं असतं, आपल्याकडे उभं, त्यामुळे पाण्याचे पाइप, थर्मोस्टॅट, अल्टरनेटरचा ब्रॅकेट सगळं नव्याने जुळवायचं. बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, इंजिन माउंटिंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तुमचा एक्झॉस्ट बॉडीच्या ज्या बाजूने बाहेर पडतो त्याच बाजूला नव्या इंजिनचा आहे का ते आधी बघा, नाहीतर पत्र्याला नवीन भोक पाडायची वेळ येते. वेबर ठेवायचे म्हटले तरी डिस्ट्रिब्युटर नाहीये, त्यामुळे इग्निशनसाठी ईसीयू, क्रँकचा सेन्सर, वायरिंग आलंच.

चालवायला मात्र सोनं आहे, चार वर्षं झाली, त्रास शून्य. आणि इंजिन बदललं की डीव्हीएलएला (इथलं गाडी नोंदणीचं सरकारी खातं) कळवून व्ही५सी (नोंदणीचं कागदपत्र) वर इंजिन नंबर आणि सीसी बदलून घ्या, इन्शुरन्सवाल्यांनाही सांगा. लोक हे विसरतात आणि मग क्लेमच्या वेळी अडकतात.

पण एक विचारतो, तुमची मूळ क्रॉसफ्लो कॅटरहॅम आहे ना? मग माझ्या जागी मी असतो तर झेटेक टाकलं नसतं. माझ्या गाडीला इतिहास नव्हता, तुमच्या गाडीला आहे.

प्रतिसाद २

नमस्कार. मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात इंजिन रिकंडिशनिंगच्या कामात आयुष्य घातलं, आता मुलाकडे लंडनला असतो. फोर्ड कमी बघितली, पण बोअर तो बोअरच.

पहिली गोष्ट, १७०० चं आत्ता ठरवू नका. ब्लॉक उघडा केलात की प्रत्येक सिलिंडर वरती, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजून घ्या, टेपर (वर-खाली फरक) किती, ओव्हल (गोलाई बिघडलेली) किती ते लिहून काढा. तीन नंबरला फक्त रिंग तुटलेली निघाली आणि बोअर शाबूत असला तर होनिंग (बोअर हलकं घासून घेणं) आणि नवीन रिंगा यावर भागतं. बोअर गेलाच असेल तर जेवढ्याने साफ होतो त्या पुढच्या पहिल्या ओव्हरसाइजला थांबा. ८३.५ ला गेलात की पुढच्या रीबोअरला जागा जवळपास संपते, मग लायनर (आत नवीन नळी) बसवावा लागतो.

दुसरी, पिस्टन हातात आल्याशिवाय कुणालाही बोअर मारू देऊ नका. पिस्टन मोजायचा आणि त्या मापाला बोअर करायचा, डब्यावरच्या आकड्याला नाही. हे आमच्याकडे पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

तिसरी, या इंजिनाचं हेड खालून सपाट आहे, ज्वलनाची वाटी पिस्टनच्या डोक्यात आहे. त्यामुळे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडे काम देऊ नका, सपाट हेड घासून काही वाढत नाही. मोठा कॅम घातला तर पिस्टनमध्ये व्हॉल्व्हला खिसे आहेत का आणि किती अंतर राहतं ते चिकणमाती दाबून बघा.

प्रतिसाद ३

वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. थोडी भर घालतो, क्रॉसफ्लोवरच बरीच वर्षं काढली आहेत म्हणून.

कॅम बदलायचा असेल तर तो आत्ताच, इंजिन बाहेर असतानाच. याचे टॅपेट (कॅमवर टेकणारे तुकडे) खालच्या बाजूने बसतात, ब्लॉक उलटा केल्याशिवाय निघत नाहीत, गाडीत असताना कॅम बदलणं विसरा. नवीन कॅमला नवीन टॅपेट, जुने कधीच नाही. पहिल्यांदा सुरू केलं की आयडलवर सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेवायचं, नाहीतर कॅमची धार तिथल्या तिथे खाऊन जाते. ऑइल २०डब्ल्यू५० मिनरल, ज्यात झिंक भरपूर आहे असं.

फायरिंग ऑर्डर १-२-४-३ आहे, १-३-४-२ नाही. पिंटो-झेटेकची सवय असलेला कुणी मदतीला आला की हमखास वायरी अदलाबदल करतो आणि मग दोन तास कार्ब्युरेटरला शिव्या.

वेबरसाठी सुरुवात ३२ चा चोक (कार्ब्युरेटरच्या आतली हवेची अरुंद नळी, मिलिमीटरमध्ये) धरा. मेन जेट चोकच्या चौपट, म्हणजे १३० च्या आसपास, एअर जेट त्याच्यावर ५० जास्त, १८०. ही फक्त गाडी रोलिंग रोडपर्यंत (चाकं रोलरवर फिरवून इंजिन मोजणारं मशीन) नेण्यापुरती सेटिंग, पुढचं तिथे मशीन सांगेल. आणि आधी डिस्ट्रिब्युटर तपासा, वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर अॅडव्हान्स (ठिणगीची वेळ) नाचत राहतो आणि तुम्ही कितीही जेट बदला, गाडी कधी सुधरत नाही.

पेट्रोल कुठलं टाकता? सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं ९५ ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे, जुने रबरी पाइप त्याने फुगतात नि तडकतात. सुपर ग्रेडचं ई५ टाका आणि पाइप तरीही बदलून घ्या, गरम एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर पेट्रोल गळायला नको. हेडच्या सीटचं हेड उघडल्याशिवाय खात्रीने कळत नाही, उघडल्यावर एक्झॉस्टच्या सीटभोवती वेगळ्या धातूची कडी दिसली की समजा बसवलेल्या आहेत.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार, विशेषतः काकांचे. "आत्ता ठरवू नका, आधी मोजा" हेच मला कुणी सांगत नव्हतं, जो तो १७०० की झेटेक एवढंच विचारत होता. डिस्ट्रिब्युटर काढून बघितला, एक स्प्रिंग खरंच लुळी पडली आहे, म्हणजे ते काम वेगळं निघालंच. झेटेकचा विषय माझ्यापुरता बंद.

इंजिन हिवाळ्यात उतरवतो, गाडी तशीही तेव्हा बाहेर निघत नाही. काका, बोअर मोजायला तुम्ही डायल बोअर गेज म्हणताय ना, की टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरवर घरच्या घरी भरवशाचं माप मिळतं? आणि बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीच्या आसपास जुनी ब्लॉकं समोर उभं राहून बघू देणारा मशीन शॉपवाला कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.