स्पीकरचे चुंबक आणि शेजारचा कॅसेट डेक

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या छोट्या घरात जुने स्पीकर कॅसेट डेकला अगदी खेटून ठेवावे लागतात, वडिलांच्या आवाजातील भजनांच्या कॅसेट त्यांच्या चुंबकामुळे पुसल्या जातील का?

उत्तर १ : कॅसेट स्पीकरवर मुळीच ठेवू नका. चुंबकाचा प्रभाव अंतरासोबत फार झपाट्याने घटतो, त्यामुळे हातभर अंतर पुरते.

उत्तर २ : शिल्डेड स्पीकरमध्ये (म्हणजे चुंबकाचा प्रभाव बाहेर फारसा जाऊ न देणाऱ्या स्पीकरमध्ये) मुख्य चुंबकामागे उलट दिशेचे दुसरे चुंबक चिकटवून त्यावर पोलादी वाटी बसवतात. ही सोय मुख्यतः पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी होती, कारण स्पीकर जवळ आला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग उमटत.

उत्तर ३ : शेजारी टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) असेल आणि त्यात वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झची घरघर आल्यास स्पीकरऐवजी ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर तपासा. भजनांची डिजिटल प्रत मात्र आजच काढून ठेवा.