सल्ला हवा: नाशिकसाठी मागच्या चाकांची ३७०झेड की पुढच्या चाकांची सिव्हिक?

ओझरचा_गडी
नमस्कार मंडळी. घरात डिझेल एसयूव्ही आहे, ती राहणारच. आता एक गाडी निव्वळ हौसेसाठी घ्यायची आहे आणि ती जपानीच हवी. दोन नजरेत आहेत. एक निसान ३७०झेड, मॅन्युअल, मुंबईत एकाकडे आहे. दुसरी होंडा सिव्हिक, जुनी १.८, तीही मॅन्युअल, इंदिरानगरातल्या ओळखीच्या काकांची, एकहाती वापरलेली. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झेड घ्यायची तर दोन हंगामांचा द्राक्षाचा पैसा तिच्यात जाईल. सौ. म्हणते दोनच सीट आहेत, पोरं टपावर बसवणार का?

फिरणार ती रविवारी सकाळी. वणी-नांदुरी, सापुतारा, त्र्यंबकहून जव्हार, कधीतरी कसारा. सगळे सांगतात की खरी स्पोर्ट्स कार मागच्या चाकांचीच, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते ती. झेड तशी आहे, सिव्हिकची ताकद पुढच्या चाकांना जाते. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा, फरक खरंच कळतो का?

सातपूर_एमआयडीसी
जपानी डिझाइन, ताकद मागच्या चाकांना, इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली. भाऊ, ओम्नी घ्या!

हलकं घ्या हो. पण 'खरी स्पोर्ट्स कार मागच्या चाकांचीच' हे आपल्याकडे कोण म्हणतं कळत नाही. राष्ट्रीय रॅलीत एस्टीम, बलेनो, मित्सुबिशी सीडिया पळाल्या, त्या सगळ्या पुढच्या चाकांच्या. मातीत, खडीत, जिथे माणूस नीट उभा राहत नाही तिथे.

नागोया_रिटर्न
दोन्ही वापरल्यात, म्हणून जरा लांबण लावतो. कंपनीने नागोयाला पाठवलं तेव्हा आधी टोयोटा ८६ घेतली. मुलगी झाल्यावर ती विकून सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. आता पाथर्डी फाट्याला राहतो आणि तुम्ही म्हणताय तीच सिव्हिक चालवतो.

फरक कळतो. पण तो वेगात नाही, स्टिअरिंगमध्ये कळतो. ८६ला दोन लिटरचं बॉक्सर (आडव्या सिलिंडरचं) इंजिन, २०० पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. पुढच्या चाकांना काम फक्त वळायचं. वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं, मागची चाकं आणखी दबतात, आणि हातातलं स्टिअरिंग होतं तसंच शांत.

स्विफ्ट स्पोर्टचं उलटं. १.४ टर्बो, १४० पीएस, २३० एनएम टॉर्क (ओढ), वजन फक्त ९७० किलो. गावातल्या रस्त्यावर इतकी चपळ की ८६वाला बघत राहील. पण ओल्या सिग्नलवर वळता वळता जोर दिला की आतलं चाक जागच्या जागी फिरायला लागतं आणि स्टिअरिंग हातातून कुणी ओढल्यासारखं होतं. ज्या बैलाने औत ओढायचं त्यानेच कासराही धरायचा, तशी गत. ओढण्यात पकड खर्ची पडली की वळायला कमी उरते, आणि गाडी बाहेर बाहेर जाते.

आता महत्त्वाचं. ८६ची मजा तिच्या ताकदीत नव्हती, कमी पकडीत होती. टोयोटाने तिला २१५ रुंदीचे साधे मिशलिन प्रायमसी टायर दिले होते, रोजच्या फॅमिली गाडीला शोभतील असे. पावसात रिकाम्या जागेत चाळीसच्या स्पीडलाही मागचा भाग हळूच सुटायचा, म्हणजे बाहेर घसरायचा, थोडं उलट स्टिअरिंग दिलं की सावरायचा. कायदा मोडायची गरजच नाही. मागच्या चाकांच्या गाडीचं कौतुक लोक करतात ते हे. हलकी, कमी ताकदीची, आणि चूक करायला वाव देणारी.

३७०झेड त्या जातीची नाही. ३.७ लिटर व्ही६, ३३० पीएसच्या घरात, मागे २७५चे टायर. कोरड्या रस्त्यावर तिची मागची चाकं बोलायला, म्हणजे सुटायला, लागतील तो वेग नांदुरीच्या घाटात गाठायचा? समोरून देवीला निघालेली, टपापर्यंत भरलेली पिकअप येत असते. दुसरा गिअर पुरा व्हायच्या आत पुढचं वळण. आणि पावसात ती बोलते तेव्हा फार मोठ्याने बोलते.

तुमचा प्रश्न 'मागची की पुढची' असा आहे, पण आपल्या बाजारात तसा पर्यायच कुठे आहे? ८६ इथे विकायला आली नाही. माझ्दाच्या मोटारी आल्या नाहीत, आपल्याला माझ्दा म्हणजे स्वराजचा टेम्पो. त्यामुळे तुमच्यासमोर आहे ते ३३० पीएस की १३२ पीएस, एवढंच. तुमच्या रस्त्यांवर १३२ पुरेपूर वापरता येतात, म्हणून माझं मत सिव्हिक. तिचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे मागचं प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, हे त्या काळच्या इथल्या गाड्यांत सहसा मिळत नसे. वळणात गाडी बाहेर जायला लागली की ब्रेकवर उभं राहू नका, ॲक्सिलरेटर जरा सोडा. वजन पुढे येतं आणि नाक आपोआप आत वळतं. हे जमलं की पुढच्या चाकांची गाडी कंटाळवाणी म्हणणार नाही तुम्ही.

तोटाही सांगतो. कसारा चढताना, जुलैत, तीव्र वळणावर आतलं चाक फिरणारच. चढावर वजन मागे गेलेलं, आणि आपल्याकडच्या सिव्हिकला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा) नाही. उपाय एकच, चांगले टायर. आवाजाच्या सायलेन्सरवर पैसे घालू नका.

झेडवाला
नागोयाकर साहेबांचं सगळं वाचलं. बरंचसं बरोबर, पण एक मुद्दा सोयीने राहिला. स्टिअरिंगचंच म्हणायचं तर सिव्हिकचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक (मोटरवर चालणारं) आहे, झेडचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं). रस्त्याची खडी हाताला लागते. आणि मजा फक्त मागचा भाग सुटण्यात असते हे कुणी सांगितलं? सकाळी सहाला गंगापूर धरणाकडे साठच्या स्पीडने निघालो तरी ते लांब नाक, मागच्या चाकांजवळ बसलेला आपण, आणि मागून येणारा रेटा… पुढच्या चाकांची गाडी ते देऊ शकत नाही. ताकद सगळी वापरलीच पाहिजे असा काही नियम आहे का?

बाकी घेणार असाल तर दोन गोष्टी. मॅन्युअल झेडचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळायला लागला की गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो, म्हणून तो बदललाय का हे आधी विचारा. दुसरं, ऑइल टेंपरेचरचा काटा. एप्रिल-मेमध्ये सापुताऱ्याला दामटणार असाल तर त्यावर डोळा हवा, गरम झालं की गाडी स्वतःच ताकद कमी करते. पार्ट नाशकात मिळत नाहीत, मागवावे लागतात, गाडी उभी राहते. आणि रुंदी १८४५ मिमी, जुन्या नाशकाच्या गल्लीत विसरा.

गंगापूर_रोडकर
मला एक कळत नाही. नागोयाला एवढ्या ८६ आहेत तर दादांनी एक इकडे का आणली नाही? मीही घेतली असती!

नागोया_रिटर्न
ताई, जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. माझी कधीच त्यापलीकडे गेली होती. तीन वर्षांच्या आतली आणली तरी ड्युटी गाडीच्या किमतीला मागे टाकते. जपानमध्ये नव्या गाडीला पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. ती खर्चिक, म्हणून लोक त्याच सुमारास गाड्या विकतात. स्वस्तात मिळते, पण आपल्या कायद्याला ती नेमकी म्हातारी झालेली असते.

झेडवाले, हायड्रॉलिकचा मुद्दा मान्य. ८६चंही इलेक्ट्रिकच होतं, तरी बोलकं होतं. पण सिव्हिकपेक्षा झेडचं सरस, यात वाद नाही.

ओझरचा_गडी
धन्यवाद मंडळी. रविवारी काकांची सिव्हिक बघायला जातोय. काय काय बघू?

नागोया_रिटर्न
आधी थंड इंजिन. काकांना सांगा, आम्ही यायच्या आत सुरू करून ठेवू नका. मग रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, नंतर पूर्ण डावीकडे ठेवून अगदी सावकाश गोल फिरवा, काच खाली करून. टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेलाय. चाकामागे हात घालून त्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, बघा. फाटलेला असेल तर ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. पुढच्या चाकांच्या गाडीत खर्च इथे निघतो. झेडसारखा ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट, मागचं डिफरन्शिअल ही भानगड नाही. मग जॅकवर घेऊन पोट बघा. सिव्हिक बुटकी आहे, इंदिरानगरातल्या स्पीडब्रेकरांनी सगळ्यांचीच घासलीय. ओरखडे चालतील, चेपलेला सायलेन्सर पाइप किंवा ऑइल पॅन चालणार नाही. टायर आतल्या कडेला जास्त झिजलेत का तेही बघा, नुसत्या अलाइनमेंटवर भागेल की सस्पेन्शनचा खर्च आहे ते तिथेच कळेल.

झेडवाला
आणि टोकन देण्याआधी माझ्याकडे येऊन जा. मेसेज टाकलाय. त्र्यंबक रोडला एक फेरी मारू, चालवायला तुम्हीच बसा. पाऊस असेल तर मात्र चावी मिळणार नाही.