तळघरातला पंप: व्हॉल्व्ह आणि भोक
पावसाळ्यात तळघरात पाणी झिरपतं, त्यावर ‘भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंग मारा, पाणी थांबेल’ असा सल्ला मिळतो, तो पटत नाही. भिंतीबाहेरच्या मातीत मीटरभर उंच पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला साधारण १ टन दाब येतो. आतला रंग फोडासारखा फुगून सुटतो. पाणी बाहेरूनच अडवायचं, नाहीतर तळघराच्या जमिनीतल्या खड्ड्यात गोळा करून पंपाने उपसायचं.

खड्ड्यात पंप बसवा हा सल्ला बरोबर आहे, पण त्याच्या पाइपावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) कुणी सांगत नाही. तो नसला की पंप थांबताच उभ्या पाइपातलं पाणी परत खड्ड्यात पडतं, फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) उचलला जातो आणि मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते. व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधल्या पाइपाला ३ मिमीचं भोक हवंच, खड्ड्याच्या आत राहील असं. नाहीतर हवा अडकते: मोटर घुमते, पाणी चढत नाही. मे महिन्यातच खड्ड्यात चार-पाच बादल्या ओतून बघा, फ्लोट कडेला अडकतो का तेही कळेल. आणि वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते. इन्व्हर्टरवर पंप चालवायचा तर मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते हे धरूनच तो घ्या, छोटा लगेच ट्रिप होतो.